पंचमीच्या डब्यातला एकेक लाडू

आज सकाळी आमच्या रेक्टर अक्का गेल्या.
आता ती लाडवांची चोरी सांगायला हरकत नाही.

रेणुकाला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही की. माझं नाव घालून लिही."

धारवाडच्या पुढे, कलघटगी रस्त्याला आमची मुलींची निवासी शाळा होती. चारी बाजूंना सागाचं रान. संध्याकाळची बस गेली की जगाशी संबंध संपला.

मोबाइल नाही, टीव्ही नाही. होत्या त्या अक्का.

आवाज असा, की मैदानाच्या पलीकडे उभं असलं तरी आमच्या पाठी ताठ व्हायच्या. बोलायच्या कन्नड, पण माझ्यासारख्या हुबळीच्या मराठी पोरींशी हट्टानं मोडकंतोडकं मराठी.

आमच्या भागात नागपंचमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. लेकींना माहेरी न्यायचं, झोके बांधायचे, आणि लाडू. शेंगदाण्याचे, तिळाचे, रव्याचे, काय काय.

शाळा काही आम्हाला घरी सोडायची नाही. मग आदल्या रविवारी घरून डबे यायचे. ते अक्कांच्या खोलीतल्या कपाटात, कुलूप घालून. पंचमीच्या सकाळी सगळ्यांनी एकदम उघडायचे, असा नियम.

मी नववीत होते. डबे उघडले आणि एकच गलका.

"माझ्यातला एक लाडू गेलाय!"
"माझ्यातलाही!"

प्रत्येक डब्यातून फक्त एक. कुलूप जसंच्या तसं.

कुणी म्हणालं घूस. घूस काय झाकण लावून जाते? कुणी म्हणालं विहिरीवरच्या बाईचं भूत. दोघीतिघी लगेच रडायला लागल्या.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दाजीबानपेठेतल्या कापडवाल्याची पोरगी मी, गल्ल्यामागे बसून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला शिकलेली. माझी थिअरी तयार होती. चोराला भूक नव्हती. भूक असती तर एकच डबा अख्खा साफ झाला असता.

आणि मग मला कोपऱ्यात रेणुका दिसली.

पाचवीतली. आई नव्हती. नवलगुंदजवळच्या खेड्यात मामा. त्यानं तिला सोडतानाच अक्कांना बजावलेलं, "एक तक्रार आली की घेऊन जातो. शेतात हात कमीच पडतात."
तिला ताप होता म्हणून त्या आठवड्यात ती अक्कांच्या खोलीत झोपत होती. आणि कपाटाची किल्ली अक्कांच्या उशाखाली असायची.

मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. "माझाही आला," ती शेजारणीला सांगत होती. कुणी विचारलंही नव्हतं.

मी डोकावले.

एक शेंगदाण्याचा. एक तिळाचा. एक रव्याचा. सगळे वेगवेगळे. आणि एक बेसनाचा, वर बेदाणा दाबलेला. बेसनाचा लाडू अख्ख्या होस्टेलात फक्त माझ्या आईचा असायचा.

केस सॉल्व्ह! मी छाती फुगवून उठले.

चोरीला आमच्याकडे एकच शिक्षा होती, घरी रवानगी. रेणुकासाठी घर म्हणजे मामाचं शेत. शाळा संपलीच.

अक्का उप्पीट वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या डब्याकडे, आणि पातेलं खाली ठेवलं.

"कुंद्रु, खाली बस," मला म्हणाल्या.

मग सगळ्यांना, "लाडू मी घेतले. तप्पु नंदु, चूक माझी. रेणुकाचा पण डबा आलेला घरनं. माझ्या हातनं पडला, सगळा मातीत गेला. मग मीच एकेकीच्यातला एक घेऊन तिला भरून दिला. सांगायचं राहिलं."

कुणीतरी मागून पुटपुटलं, "पण तिच्याकडे तर कुणी आलंच नव्हतं."

अक्का माझ्याकडे वळल्या. "वैशालीला विचारा. फाटकावर हीच होती."

खरंच होते. त्या रविवारी पाहुणे आले की मुलींना हाका मारायची ड्युटी माझी होती. रेणुकासाठी मी एकही हाक मारली नव्हती, आणि ते अक्कांना पक्कं ठाऊक होतं.

"आलेला की नाही गं डबा? हौदिल्लो?"

रोज प्रार्थनेनंतर 'खोटं बोलू नका' सांगणारी बाई! पण डोळ्यांत अशी विनवणी, की तशी मी आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

रेणुका लाडू हातात धरून बसली होती. खात नव्हती.

"आला होता," मी म्हणाले. "बिस्किटांचा, पत्र्याचा. मामा स्वतः घेऊन आले होते, सायकलवरून."

(आता मी धारवाडच्या कोर्टात वकिली करते. गरजेपेक्षा जास्त सांगणारा साक्षीदार हमखास खोटा असतो, हे मला रोज दिसतं.)

पण पोरींनी मानलं. "मग आधी नाही का सांगायचं!" म्हणत सगळ्या खायला बसल्या. एकीनं तर रेणुकाला अजून एक लाडू दिला.

अक्कांनी माझ्या ताटात दुसऱ्यांदा उप्पीट वाढलं. त्यानंतर कपाटाची किल्ली कधी उशाखाली दिसली नाही, आणि तो विषयही कधी निघाला नाही.

आज दुपारी अक्कांच्या घरी रेणुका भेटली. ती आता स्वतः शाळेत शिकवते. अंगणात आम्ही भिंतीला टेकून बसलो.

"वैशक्का, मामाला सायकल येतच नव्हती," ती म्हणाली.

मयताच्या घरी मला हसू आलं. तोंडावर पदर धरला. तीही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"लाडू मीच काढले होते, तुम्हा दोघींना माहीत होतं गं. मला लाडू नकोच होते. माझ्या घरनं पण येतो, एवढं सगळ्यांना वाटायला पाहिजे होतं. तुम्ही दोघींनी ते वाटू दिलंत. तेवढ्यावर मी दहावीपर्यंत राहिले."

मी तिला जवळ घेतलं. एवढीशी पाचवीतलीच वाटली मला.

अक्का, वर कुणी त्या खोट्याचा जाब विचारला तर माझं नाव सांगा. लगेच बोलावू नका, इथल्या केसेस पडल्यात. पण येईन.
आणि तीच साक्ष देईन.

तुमच्या होस्टेलच्या सगळ्या पोरींचा नमस्कार, अक्का. सावकाश जा.