उसाच्या बांधावरचा बिबट्या

आता माझी फजिती मीच सांगितलेली बरी. नाहीतर आमच्या डिंडोलीत ती तिखटमीठ लावून सांगणारे गल्लोगल्ली आहेत!

त्या वर्षी आमच्या गणेश मंडळाच्या देखाव्यासाठी मी हट्टच धरला. विषय ‘डांगचं जंगल वाचवा, बिबट्या वाचवा.’

"भाऊ, बिबट्या बघायला कोण येईल?" पोरं कुरकुरली. पण ठरलं. मिलमधलं छपाई बिघडलेलं ठिपक्यांचं कापड मी आणून दिलं. शिवायचं काम आमच्या हिनं आणि शेजारणींनी घेतलं. मी दिवसभर लूमवर.

एका संध्याकाळी ड्युटी सुटून येतो तर काय! उसाच्या बांधावर ही गर्दी! हातात काठ्या, दगड.

"भाऊ, बिबट्या!"

खरंच हो! उसाच्या सावलीत दबा धरून बसलेला. डोळे गोट्यांसारखे चमकताहेत. एकानं दगड उगारला. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी हात पसरून मध्ये उभा!

"खबरदार! त्याचं जंगल आपण तोडलं, म्हणून तो इथं आलाय. आधी मला मारा!"

"अहो, उडी घेईल ना तुमच्यावर!"

"नाही घेणार. मादी आहे. पोटुशी आहे बिचारी. पोट बघा केवढं!"

इतकं ज्ञान कुठून आलं म्हणता? पुस्तकं वाचून, दुसरं काय! काठ्या खाली आल्या. एका आजीनं वाघदेव म्हणून हात जोडले. कोणी फॉरेस्टवाल्यांना फोन करायला बूथकडे पळालं.

एवढ्यात आमची ही तरातरा पुढे.

"अगं, मागे हो!"

तिनं बिबट्याला शेपटीला धरून उचललं आणि काखोटीला मारलं.

"काय करी राह्यनात इथं? डिंक वाळायला ठेवलेलं याला. पाऊस येतोय, अन् तुम्ही भाषण ठोकताय! आणि पोटुशी कोणाला म्हणता? चिंध्या जरा जास्त भरल्या गेल्या!"

पुढचं हसणं पार पलीकडच्या भेस्तानपर्यंत ऐकू गेलं असेल.

पण खरं सांगू? दगड एकानंही मारला नव्हता. आणि पुढच्या हिवाळ्यात उसात खरोखरचा बिबट्या शिरला, तेव्हाही नाही मारला. लोक लांब उभे राहिले, फोन केला, पिंजरा आला. जनावर सुखरूप डांगच्या जंगलात गेलं.

त्या दिवशी शेजारचा रघुनाथ धापा टाकत आमच्या दारात आला होता. मी रुबाबात चपला घातल्या. "चल!"

"तुम्ही बसा हो, भाऊ. वहिनींना पाठवा! आधी विचारायचंय, हा तुमच्या घरचा तर नाही ना?"