हिराजीचं दाताळं

हिराजी गेल्याची बातमी मला केळीच्या वाडीत मिळाली. रविवार होता, कचेरीला सुट्टी, आणि मी निर्मळ गावातल्या आमच्या घरामागे पाटात माजलेलं गवत काढत होतो. खाडीकाठच्या त्याच्या गावातला एक ओळखीचा माणूस सायकलवरून आला. पाय कुंपणाच्या दगडावर टेकवून, खाली न उतरताच म्हणाला, "हिराजी गेला. काल सांजंला. छातीत कळ आली न् बसल्या जागी आटपला..." मी काहीतरी बोललो असेन. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं, आधी सुटका. शाळेत चौथीपर्यंत एका बाकावर बसलेल्या मित्राच्या मरणाने ज्याला हायसं वाटतं, त्याने त्याच्या आठवणी लिहू नयेत, हे मला कळतं. तरी लिहितो आहे, कारण त्याच्या दहाव्याला माझ्याकडून जुनीच चूक पुन्हा झाली.

दहाव्याला आम्ही त्याच्या अंगणात बसलो होतो. त्याच्या गावात चिखल फार, म्हणून हिराजीने दारात समुद्राची वाळू आणून पसरली होती. एक म्हातारा चहा बशीत ओतत म्हणाला, "मानूस लाखाचा. कुनाच्या अध्यात ना मध्यात. कामाला तेवढा ढिला, नायतर शेटच्या बंगल्यावरनं कशाला काढला असता?" दोघातिघांनी माना डोलावल्या. हिराजीची बायको सखूबाई उंबऱ्यात बसली होती, तिनेही ऐकलं. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. चहा कधीच संपला होता.

हिराजी ढिला नव्हता. त्याच्याइतका नेटका माणूस मी पाहिलेला नाही. तो नेटका होता म्हणूनच तर मी त्याला शेटजींकडे नेला होता.

स्वराज्य आलं त्याच्या आगेमागे, मी ज्यांच्या कचेरीत कारकून होतो त्या मुंबईच्या शेटजींनी भुईगावच्या किनाऱ्यालगत, सुरूच्या झाडांमागे बंगला बांधला. विलायतेहून येताना ते गोल्फचं वेड घेऊन आले होते. बंगल्यामागे त्यांनी सहा भोकांचं छोटं मैदान करून घेतलं. मैदान झालं म्हणजे वाळूचे खड्डे आलेच, चेंडू अडकायला. त्यांना बंकर म्हणतात, पण आमच्या तोंडी खड्डेच. हिराजीला काम समजावून सांगितलं तेव्हा तो हसून हसून बेजार. "खड्डा आपनच खनायचा, आपनच त्यात पडायचं, न् मंग आपनच वैतागायचं? या लोकांना घरी काय काम नाय का रे, सदा?" त्याचं काम सोपं होतं. कुणी खड्ड्यातून खेळून बाहेर आलं, की मागे दाताळं फिरवायचं आणि वाळू होती तशी सपाट करायची. दाताळं त्याने स्वतः केलं होतं, बाभळीचे दात तासून.

पण किनाऱ्याची जमीन ती. दोन हात खणलं की खालून पाणी. शेटजींचे खड्डे बाराही महिने ओले. मुंबईची पाहुणेमंडळी कोरड्या वाळूत खेळायला शिकलेली. ती रुंद पात्याची काठी आपटायची, काठी ओल्या वाळूवरून उसळायची आणि चेंडू थेट सुरूच्या बनात. नाहीतर होता तिथेच. यातून बाहेर कसं यायचं हे ज्याला पहिल्यांदा उमगलं, त्याला काठीला हात लावायची परवानगी नव्हती.

मला कळलं ते असं. चौथा गडी कमी पडला की शेटजी मलाच खेळायला उभं करत, आणि मी खड्ड्यात शिरलो की सगळ्यांची करमणूक व्हायची. एकदा हिराजी म्हणाला, "रविवारी ओहोटीला भुईगावला ये. काठी आन." पाणी मागे सरलेलं, वाळू घट्ट, पावलाखाली चमकणारी. त्याने आधी मला बूट काढायला लावले. गोल्फमध्ये मारण्याआधी काठी वाळूला टेकवायची नाही असा नियम आहे. "काठीला बंदी हाय, पायाला नाय," हिराजी म्हणाला. "तळव्याला इचार. किती पानी हाय ते तळवा सांगतो." मग काठी हातात घेऊन दाखवू लागला. "बांध घालताना ओल्या मातीत फावडं आडवं मारतोस का? उसळंल न् नडगीवर बसंल. धार खाली घाल, चेंडूच्या जराशी मागं. न् थोडकं मार. जोर नको. ओली वाळू आपनच ढकलते त्याला." त्याने मारला. चेंडू हळूच वर आला आणि चार पावलांवर जाऊन बसला. मी मारला तेव्हा वाळू माझ्याच तोंडात गेली. तो वाळूत बसून हसत राहिला.

असे कितीतरी रविवार. शेवटी मलाही जमलं. मैदानावर मी ओल्या खड्ड्यातून सफाईने बाहेर येऊ लागलो तसं शेटजी पाहुण्यांना सांगू लागले, हा आमचा सदाशिव, याला विचारा. कुणी विचारलंच, तर मी म्हणायचो, सरावाने जमतं. हिराजी दाताळं घेऊन पाच हातांवर उभा असायचा. कामाला लावतानाच मी त्याला बजावून ठेवलं होतं, की मैदानावर मला सदा म्हणू नकोस, साहेब म्हण. त्याने ती गंमत समजून मान्य केली होती.

मग तो दिवस आला. कचेरीतली हेडक्लार्कची खुर्ची रिकामी झाली होती आणि शेटजींना ज्यांची मर्जी हवी होती असे दोन बडे पाहुणे खेळायला यायचे होते. शेटजींच्या जोडीला मी. त्या सकाळी हिराजीने सगळे खड्डे सपाट केले आणि तो पलीकडच्या टोकाला गवत सारखं करायला गेला. मला धीर नव्हता. पाहुणे यायच्या आधी एक चेंडू मारून बघावा म्हणून शेवटच्या खड्ड्यात उतरलो. मारला, चांगला बसला, आणि तेवढ्यात फाटकाशी मोटारीचा भोंगा वाजला. मी टाचेवर जोर देऊन वर उडी घेतली आणि धावत सुटलो. मागे वळून पाहिलं नाही. हिराजी आहेच की, करेल सारखं... इतकंच मनात आलं.

सामना शेवटच्या भोकापर्यंत बरोबरीत आला. आणि शेटजींचा चेंडू घरंगळत गेला तो नेमका माझ्या टाचेच्या खळग्यात. खळग्यात पाणी साचलेलं. शेटजींनी एक फटका मारला, दोन मारले, तिसऱ्याला चिखल त्यांच्या पांढऱ्या पाटलोणीवर. पाहुणे हसले. आम्ही हरलो. शेटजी काठी फेकून ओरडले, "हा खड्डा कुणी असा ठेवला?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की शेट, मी ठेवला. दोन-तीन शब्द. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "हिराजीला मी सकाळीच बजावलं होतं, शेट. हल्ली जरा ढिला झालाय तो."

ढिला हा शब्द माझा. दहाव्याला म्हाताऱ्याच्या तोंडून जो ऐकला, तो मीच या मुलखात सोडलेला.

हिराजी दाताळं घेऊन आला. अनवाणीच, नेहमीसारखा. फटक्यांनी खळगा मोडला होता, पण बाजूला माझ्या दुसऱ्या टाचेचा ठसा अजून स्वच्छ होता, बुटाच्या खिळ्यांच्या दोन ओळींसकट. त्याने ठशाकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, मग माझ्या तोंडाकडे. एक बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. तो खड्ड्यात उतरला आणि त्याने दाताळं फिरवलं. एकदा, दोनदा. वाळू सपाट झाली.

त्याच दुपारी त्याला काढून टाकलं. पुढच्या महिन्यात मी हेडक्लार्कच्या खुर्चीत बसलो. शेटजींनी ज्याला ढिला म्हणून काढला त्याला दुसऱ्या कुणाच्या बंगल्यावर किंवा वाडीत कायमचं काम मिळालं नाही. तो मिठागरावर राबायला जाऊ लागला आणि शेवटपर्यंत तिथेच राबला. मिठाने त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, ते मी पाहिलं आहे. ज्या तळव्यांनी तो वाळूतलं पाणी ओळखायचा, तेच.

काही महिन्यांनी तो मला भुईगावच्या किनाऱ्यावर भेटला. भेटला म्हणजे गाठ पडली. मी टाळतच होतो. आणि मी काय बोलावं? "तू तेव्हा बोलला का नाहीस?" माफी नाही मागितली. उलट त्यालाच जाब विचारला. हिराजी म्हणाला, "खड्ड्यातनं कुनी भायेर आलं का मागं वाळू सारखी करायची. तेच काम व्हतं माजं." त्यात टोमणा होता का, हे मला आजही सांगता येत नाही. मग धोतराचा सोगा झटकून म्हणाला, "येतो, साहेब." किनाऱ्यावर तो मला नेहमी सदा म्हणायचा. त्या दिवसानंतर सदा म्हणून त्याने मला कधीही हाक मारली नाही.

गेल्या आठवड्यात मी सखूबाईकडे गेलो. लेख लिहायचा तर आधी तिला सांगायला हवं, एवढी लाज शिल्लक होती. तिने नुकतंच अंगण सारखं केलं होतं, वाळूवर दाताळ्याच्या सरळ रेघा उठल्या होत्या. ओटीवर बसून मी सगळं सांगितलं. टाच, खिळे, शेटजी, ढिला. मला वाटत होतं हिराजीने घरी तरी सांगितलं असेल. सखूबाई ऐकत होती. मग पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "आता सांगता, भाऊ? इतकी वरसं मी त्यांना टोचत आले. भाकर वाढताना पन बोलायची, का तुमचे हात ढिले म्हनून आपन मिठात पडलो. एक डाव उलट बोलले नाय ते. उठायचे, न् भायेर जाऊन अंगनात वाळू वढत ऱ्हायाचे..."

मला तिथे बसवेना. तोपर्यंत मी समजत होतो की मी त्याची फक्त नोकरी घेतली. त्याच्या ताटातली भाकरीसुद्धा मी गोड राहू दिली नव्हती. "चुकलो" असं म्हणालो. तो शब्द माझ्याच कानाला खोटा वाटला.

उठलो, अंगण ओलांडलं आणि कुंपणाच्या कुडापाशी येऊन या खेपेला मागे वळून पाहिलं. ओटीपासून कुडापर्यंत ओल्या वाळूत माझ्या बुटांचे ठसे उमटले होते, टाचा खोल गेलेल्या. दाताळं भिंतीशी उभं होतं. बाभळीचे दात झिजून बोथट झालेले, धरायची जागा हाताने गुळगुळीत झालेली. मी परत गेलो आणि ते उचलायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," सखूबाई म्हणाली. "दिसू द्या सगल्यांना."