चार बोटं जागा

शकूआत्याचं पत्र कधी पूर्ण भरलेलं नसायचं. कागदाच्या तळाशी ती चार बोटं आडवी ठेवायची, त्यांच्या वर पेन्सिलीने रेघ ओढायची आणि रेघेखाली एक अक्षर लिहायची नाही. ती जागा आमची. सोबत जामसंड्याचा पत्ता घातलेलं, तिकीट डकवलेलं पाकीट असायचं, म्हणजे सबब सांगायला वाव नको. आपण त्या चार बोटांत लिहायचं आणि तोच कागद तिला परत धाडायचा. वर ती, खाली आम्ही. परत आलेला कागद ती तारेत ओवायची आणि मगच पुढचं पत्र लिहायला घ्यायची. "पयलो कागद येवंदे, मगे दुसरो," हा तिचा नियम.

आम्ही म्हणजे खरं तर माझे वडील. ती त्यांना दादा म्हणायची, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. दादा नोकरीसाठी ठाण्याला आले ते तिथलेच झाले. आत्याने लग्न केलं नाही. जामसंड्याला घराच्या पडवीत मशीन टाकून ती गावाचे ब्लाऊज शिवायची. मशीनच्या शेजारी खुंटीला ती तार लोंबत असे. एक भरली की आतल्या खोलीत जायची, नवी यायची.

पत्रात काय लिहायचं, याबद्दल तिची मतं पक्की होती. मी कॉलेजात असताना एकदा दादांच्या ऐवजी लिहिलं, 'आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुझी तब्येत जपावी.' पुढच्या पत्रात उत्तर आलं, "मेल्या, खुशाल आसस ता माका अक्षरावरसून कळता. काय खाल्लंस ता लिही. घराक कोण इलो, कोण गेलो ता लिही." दादांना ते बरोबर जमायचं. डोंबिवलीचा कोण भेटला, भाजीवाल्याशी कशावरून वाजलं, सुनेने केलेल्या आमटीत काय कमी होतं, सगळं ते चार बोटांत बसवायचे. मी घरातला गोष्टीवेल्हाळ. लग्नात मांडवात बसलो की तासभर कुणाला उठू देत नाही. पण चार बोटं जागा समोर आली की मला नेमकं काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं.

घरी टेलिफोन बसला तेव्हा मला वाटलं, सुटलो. आत्या फोनवर बोलायची, पण त्याला पत्रात धरायची नाही. काही महत्त्वाचं सांगायला लागलं की म्हणायची, "ता कागदावर लिही. फोनावरचा बोलणा तारेक लावूक येता काय रे?"

तिची आणखी दोन बंधनं होती आणि दोन्ही मला लहानपणीच कळली होती. एक, तिची कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, धार जाते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या कात्रीने वर्तमानपत्र कापून टोपी केली, तेव्हा तिने ती टोपी मला घालायला लावली आणि मग टोपीसकट चोपलं. "परत कात्री कागदाक लावलंस तर बोटां तोडीन!" दुसरं म्हणजे, मरणाची बातमी लिहिलेला कागद वाचून झाल्याबरोबर फाडायचा. घरात ठेवायचा नाही, तारेला तर नाहीच. हे काही तिचं एकटीचं नव्हे, आमच्याकडे सगळीकडे तसंच. पण त्यामुळे एक गंमत झाली होती. त्या तारांवर आमच्या घरातलं कुणी मेलेलंच नव्हतं. आजोबा होते, देवगडची मावशी होती. त्यांना ताप यायचा, त्यांची गुरं हरवायची, आणि मग पुढच्या कागदांत त्यांचं नाव नुसतं यायचं बंद व्हायचं.

दादा गेले ते असेच, दुपारी जेवून पडले आणि उठले नाहीत. आत्याला फोनवर कळवलं. गुडघ्यांमुळे तिला येणं शक्य नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "माझो कागद थंयसर आसा काय?"

होता. दादांच्या चष्म्याखाली. रेघेखाली त्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: 'शके, आज सुनेने कुळथाची पिठी केली. बरी होती, पण आवशीच्या हातची चव नाय. आता जरा पडतो, उरलेलं मग लिहितो.'

खाली तीन बोटं जागा कोरी होती. तो कागद मी तसाच पाकिटात घातला असता तर शहाणा म्हटला गेलो असतो. पण मी पडलो लेखक. दहावं झाल्यावर बसलो आणि त्या तीन बोटांत बारीक अक्षरात दादांचे अखेरचे क्षण लिहून काढले. 'काळाने झडप घातली' वगैरे. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पाकीट टाकून घरी आलो आणि बायकोला ऐकवण्यासाठी तेच वाक्य आठवत असताना एकदम लक्षात आलं. तो कागद आता आत्याला फाडावा लागणार. दादांच्या ओळींसकट.

तिला विचारायचं धैर्य मला झालं नाही. तीही बोलली नाही. महिन्याभरात नवं पत्र आलं, या वेळी माझ्या नावावर. वर तिचं अक्षर, खाली पेन्सिलीची रेघ.

दोनअडीच वर्षं मी कसंबसं निभावलं. कधी दोन ओळी, कधी तीन. मग एक पत्र राहिलं. त्यात तिने लिहिलं होतं, शेजारच्या सेलीनच्या माडावर वीज पडली, सुरमई महाग झाली, आणि 'तुझ्या बायलेसाठी निळो कपडो घेतलंय. गळो कितको खोल ठेवू ता लिहून धाड.' मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, बेताचा. म्हणजे उत्तर एका शब्दाचं होतं. तो एक शब्द लिहायला मी सात महिने घेतले आणि तरी लिहिला नाही.

ती फोन करायची. "कागद खंय आसा रे?"

"येतोय आत्या."

"चलत धाडलंस काय?"

मी हसायचो. तीही हसायची. माझ्या लक्षातच आलं नाही की तो कागद परत जात नाही तोवर ती पुढचं लिहिणार नव्हती. पत्रं येईनात, तर मला वाटलं, म्हातारीचा हात थकला.

ती गेल्याचा फोन सेलीनबायने केला. आत्याच्या शेजारी चाळीस वर्षं राहिलेली ही बाई. मी निघताना तो कागद बॅगेत घातला, का ते ठाऊक नाही.

बारावं-तेरावं झाल्यावर पडवीत बसलो होतो. मशीनवर निळं कापड होतं. बाह्या शिवून झाल्या होत्या, पाठ बेतलेली होती. समोरचा भाग नुसता खडूने आखून ठेवलेला, गळा कापायचा राहिलेला. सेलीनबाय म्हणाली, "कितके खेपे म्हटलंय, काप गो अंदाजान. तर म्हणता, 'कागद येवंदे.'"

मी तार खाली उतरवली. सगळ्यात वर माझे दोनतीन ओळींचे कागद, अर्धे रिकामे. त्यांच्याखाली एक कागद बाकीच्यांपेक्षा आखूड होता. वर आत्याचं अक्षर, खाली दादांच्या दोन ओळी, 'उरलेलं मग लिहितो', आणि तिथे कागद संपला होता. कड अशी सरळ की पट्टी लावून कापल्यासारखी.

"तो कागद इलो त्या दिवशी सकाळपासून हातात घेवन बसली होती," सेलीनबाय म्हणाली. "माका म्हणता, 'सेलीन, ह्यो फाडूक होयो. पण दादा फाटतलो गो.' मगे उठली आणि तिची ती कात्री काढली. मियां म्हटलंय, गो शकू, कपड्याची कात्री? तर म्हणता, 'दुसरी सरळ जायत नाय.' तुझा लिवलेला तेवढा कापून काढल्यान आणि भायर जावन फाडल्यान."

"वाचलं तिने?"

"वाचल्यान तर. म्हणता, 'दादाचो झील बरा लिवता, पण आपण काय जेवलो ता नाय लिवल्यान.'"

मी बॅगेतला कागद काढला. मशीनवरच ठेवला, निळ्या कापडाशेजारी, आणि रेघेखाली लिहायला लागलो. गळा बेताचा ठेव. आज जेवायला सेलीनबायने पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर आणली होती. मीठ थोडं जास्त होतं, पण मी दोनदा घेतली. दुपारी पोस्टमन येऊन गेला, पाणी प्यायला बसला. तुझ्या माडाखाली दोन चुडतं पडलीत, ती उचलून ठेवली.

आयुष्यात पहिल्यांदा चार बोटं जागा माझ्या हातून भरत आली. तळाशी बोटभर उरली. तिथे काय लिहायचं राहिलंय, ते मला माहीत होतं. पण ते लिहिलं असतं तर कागद फाडावा लागला असता.

मी ती तशीच कोरी सोडली आणि कागद तारेत ओवला.