साहेबाच्या लढाईले माझं हौ

"कट!" डायरेक्टर पुन्हा वरडला, अन् सगळे माझ्याकडं पाहाले लागले.

कट म्हणजे मशीन बंद. म्हणजे झालं ते फुकट गेलं, आता पुन्हा पहिल्यापासून. अन् ते माझ्यामुळं.

मी बिरसाच्या जंगलातल्या रेस्ट हाउसमंधी सयपाकाले होती. रोजंदारीवर. पोरीइचा बाप कटाईवर गेलता, झाडाखाली मेला. तेव्हापासून दोन पोरी मी त्याच चुलीवर वाढवल्या. शिक्षण म्हणान तं अंगठा.

तं बंबईहून सिनेमावाले आलते. नाच-गाण्याचा नाही. खऱ्या माणसाले खुर्चीत बसवाचं अन् बोलू द्याचं, तसा. डाक्युमेंटरी म्हणतात त्याले. खुर्चीत बसलेला तो दिल्लीचा म्हातारा साहेब. लढाईच्या वक्ती फौजेच्या मोठ्या ऑफिसात होता. कोणती पलटन कुठं धाडाची, ते तो ठरवे. रिटायर झाल्यावर हवा खाले आमच्या जंगलात येऊन राहे.

साहेब मशीनसमोर बोलेच ना. म्हणे, "मशीन से क्या बात करूँ? सामने कोई इन्सान बिठाओ." तेवढ्यात मी चहा घेऊन आली. साहेब म्हणे, "बाई को बिठा दो."

बसली. मले वाटलं, आपला बी फोटो निघून राह्यला. पदर नीट केला. मशीनचं तोंड साहेबाकडं होतं, हे मले ध्यानातच आलं नाही.

आता आमच्याकडं असं हाय का कोणी काही सांगत असन तं ऐकणाऱ्यानं हौ म्हणलंच पाहिजे. नाही म्हणलं तं सांगणाऱ्याले वाटते, हा झोपला, नाहीतर रुसला. लहानपणी माय कहाणी सांगे, तं हौ म्हणाले एक जण नेमलेलाच राहे. ते काम माझं होतं. साहेब बोलला का मी म्हणो, "हौ जी." अन् तिकडं कानाले डब्बे लावलेला माणूस असा उडे जसा इचू चावला. साउंडवाला होता तो. त्याले माझं हौ साहेबाच्या बोलण्याहून मोठं ऐकू ये.

डायरेक्टर म्हणे, चूप बसा. म्या पदराचा बोळा तोंडात कोंबला. तं साहेबच थांबला. "सुन रही हो, बाई?" आता तोंडात बोळा, बोलू कशी?

शेवटी डायरेक्टर थकला. "बोलने दो. बाद में काट देंगे."

रेस्ट हाउस ज्याच्या ताब्यात होतं, त्या रेंजर साहेबानं मले पडवीच्या कोपऱ्यात नेलं. "फक्त हौ म्हणजो. दुसरा शब्द तोंडातून निघाला तं उद्यापासून कामावर येजो नको. वरून फोन आला हाय मले."

"हौ," म्या म्हणलं.

मंग साहेब खुलला. मी बी खुलली. कुठं लंबं हौ, कुठं आखूड, कुठं नुसती मान. मले वाटलं, लढाई मीच जितून राह्यली.

दुपारी साहेब बोलता बोलता बर्फाच्या पहाडावर आला. सांगे, वर धाडाचे पोरं मैदानातले, सुती कपड्यात. गरम कोट मागंच राह्यले होते. "मुझे मालूम था," साहेब म्हणे. "फिर भी मैंने कहा, जाने दो. उस वक़्त वही ठीक था."

अन् माझ्याकडं पाहून थांबला. हौ साठी.

निघेच ना. पोरीइच्या बापाले ठेकेदारानं असंच जा म्हणलं होतं. झाड आतून पोकळ होतं, अन् ते ठेकेदाराले मालूम होतं.

"बोलो, बाई."

रेंजर माझ्याकडं डोळे वटारून पाहे. चुलीकडं दोघी पोरी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"याले हौ नाही म्हणता येत, साहेब."

डायरेक्टर कट म्हणालेही विसरला. साहेब उठला, खोलीत गेला, दार लावून घेतलं.

रेंजर म्हणे, "झालं समाधान? उचल आपलं सामान."

सामान काय, एक झारा अन् दोन कोंबड्या. झारा घेतला. कोंबड्या काही हाती येत ना. सारे सिनेमावाले उभे राहून पाहेत, अन् मी आंगणात पळून राह्यली. नोकरी जाणारी बाई जरा तोऱ्यात निघते. माझं तेही जमलं नाही.

त्यातच साहेब बाहेर आला. डोळे लाल. रेंजरले म्हणे, "ये कहाँ जा रही है?" साहेब खुर्चीत बसला. "बैठो बाई. जहाँ हौ न बने, मत कहना. लेकिन बैठो."

बसली. झारा हातातच होता. त्या दिवशी साहेब लय बोलला, अन् मी लय कमी हौ म्हणलं. चूल सुटली नाही.

मंग कधीतरी सरकारी गाडी आली, बजारात पडदा लावून तो सिनेमा दाखवला. मी डोक्याले तेल लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यात पुढं बसली. पूर्ण सिनेमाभर साहेबच. माझे हौ सारे कापलेले. लहानी विचारे, "माय, तू कधी येशीन?"

तेवढ्यात पडद्यावरचा साहेब थांबला, अन् कुठूनतरी माझाच आवाज आला, "याले हौ नाही म्हणता येत, साहेब." मांगून एक कोंबडी बी वरडली. सारा बजार हासला. कोंबडीले.

तेव्हापासून कोणी काही सांगाले लागलं तं मी पहिले पुरं ऐकून घेतो, मंगच हौ म्हणतो. लोकं म्हणतात, म्हातारीले ऐकू कमी येते. म्हणू द्या.