दिराने उठवलेला अंगठा

माझ्या दिराने लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझा अंगठा उठवला. त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. मी चौथी पास आहे, आणि हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

शुगरने माझा उजवा डोळा गेला. डाव्यालाही सरळ चौकट वाकडी दिसायला लागली, तेव्हा तो मला अहमदपूरहून एसटीने घेऊन गेला. हे वारल्यापासून दवाखान्याला तोच नेतो. डॉक्टर म्हणाले, पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात, त्या झिरपतात. एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यात तुमचं नाव घेता येईल. चाचणी म्हटल्यावर मला शाळेतली आठवली. मला विचारतील, मी सांगेन, असं वाटलं.

टेबलामागच्या बाईने कागदांचा गठ्ठा काढला. "मावशी, लिहिता येतं का?"

दीरच बोलला, "कुठलं हो! अंगठा घ्या. लई उशीर झालाय."

समोर पाच-सहा परके पुरुष बसले होते. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. त्याने तेच हेरलं. बाईने शाईचं पॅड सरकवलं, मग कॅमेरा लावून विचारलं, "सगळं वाचून दाखवलं ना? समजलं ना?" एक ओळही वाचली नव्हती. मी मान हलवली. साक्षीदार म्हणून दिराने सही ठोकली.

तीन इंजेक्शनं डोळ्यात झाली. प्रत्येक वेळी डोळा लाल व्हायचा, दोन दिवस खुपायचा. चौथ्या खेपेला थेंब टाकले, काहीतरी दाबलं, पण घरी आले तरी डोळा पांढराशुभ्र.

"भावजी, आज सुई टोचलीच न्हाई."

"तुम्ही काय डॉक्टर हाय का वैनी? गप ऱ्हावा."

राहिलेला एकच डोळा, आणि त्यावर खोटी सुई? मला जेवण जाईना. कागदांची प्रत त्याच्या कपाटात होती. तो कामावर गेल्यावर मी जावेकडून ती मागून घेतली आणि तीन दिवस अंगणात उन्हाला बसून, मान तिरकी करून, एकेक अक्षर लावत वाचली. त्यात लिहिलंच होतं की काही वेळा सुई नसलेली सिरिंज नुसती दाबतील, म्हणजे कुणाला नवं औषध चाललंय, कुणाला नेहमीचं जुनं, ते ओळखू येणार नाही. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचा इलाज थांबत नाही, हेही होतं. शेवटी होतं, 'मजकूर मला वाचून दाखवला.' खाली माझा अंगठा.

पुढच्या खेपेला मी बाईला म्हणाले, "मला वाचता येतं." आवाज इतका बारीक निघाला की तिने दोनदा विचारलं. मग भडकली, "अहो, तवा तोंड शिवलं होतं का? आता सगळे कागद पुन्हा नव्याने करावे लागतील!"

"वैनी, लोकांत अब्रू काढता का माझी?" दीर दात खाऊन म्हणाला.

"तुमच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं कोणी लिहिली, सांगा की ह्यांना."

तो बाईकडे न बघता माझ्यामागून आत आला. आत डॉक्टरांना मी विचारलं, मला नवं औषध आहे का जुनं? ते म्हणाले, "मलाही माहीत नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. पण दर महिन्याला तपासतो, नजर कमी झाली तर वाट न बघता नेहमीचं इंजेक्शन देतो." मग म्हणाले, "राहायचं का बाहेर पडायचं? तुम्ही सांगा."

"ऱ्हातील की!" दीर मागून म्हणाला. केवळ तो म्हणाला म्हणून माझ्या तोंडात 'नाही' आलं होतं.

"ह्यांना आधी बाहेर काढा," मी म्हणाले.

तो गेला.  डोळा माझा होता, राग दिरावर होता. दोन्ही एकाच तागडीत घालायचं नव्हतं. राहते म्हणाले.

बाईने नवे कागद आणून शेवटचं पान उघडलं. मी पहिल्या पानावर परत गेले. "तेच हाय मावशी सगळं," ती म्हणाली. "असू द्या," मी म्हणाले, आणि सगळं वाचून झाल्यावरच पेन मागितलं.