सुजाता भ्यायची

फोन सुजाताच्या धाकट्या भावाचा होता. "ताई, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कुणी?"  तो म्हणाला, "कुणी न्हाई, ताई. ताप होता. मेंदूत गेला म्हणले डॉक्टर. नांदेडला नेईपर्यंतच..." परभणीच्या कोर्टाच्या आवारात मी तशीच उभी राहिले. ऐन तिशीतली मैत्रीण गेल्याचं कळावं आणि मनात आधी खून यावा, असे दिवस आम्ही दोघींनी काढले होते. त्या फोनला आता काही आठवडे झाले. अजूनही कधी कधी वाटतं, तो भाऊ मला समजावण्यासाठीच ताप म्हणाला असेल. मग त्यानं दाखवलेले दवाखान्याचे कागद मी आठवते आणि स्वतःला गप्प करते.

आमची ओळख मुंबईत झाली, एका संस्थेच्या मुलाखतीला. नागरी हक्कांचे खटले लढवू पाहणाऱ्या नव्या वकिलांना ती संस्था दोन वर्षांची फेलोशिप द्यायची. आपल्याच जिल्ह्यात राहायचं, जुन्या वकिलाच्या हाताखाली शिकायचं, आणि ज्यांचं वकीलपत्र घ्यायला कुणी धजत नाही त्यांचं घ्यायचं. मी मानवतची, घरची शेती, मामाची कापसाची आडत. ती पेडगावच्या बौद्ध वस्तीतली, वडील शाळेत गुरुजी. आत जाऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "धमक्या आल्या तर काय करशील म्हणून विचारलं," ती म्हणाली. "मी म्हणलं, भिईन. गेली बघ माझी फेलोशिप." गेली नाही. दोघींनाही मिळाली, आणि परभणीत एकाच सरांच्या ऑफिसात आम्ही रुजू झालो.

तिथं आमच्याकडे शांताबाईंची केस आली. जिंतूर तालुक्यातलं गाव. नाव लिहीत नाही, तिथल्या बौद्ध वस्तीला अजून त्याच गावात राहायचंय. शांताबाईंच्या नवऱ्याची अंत्ययात्रा गावातल्या मोठ्या रस्त्यानं निघाली म्हणून काही जणांनी ती अडवली. बाईंनी पोलिसात तक्रार दिली. दुसऱ्या दिवसापासून वस्तीला गिरणीत दळण मिळेना, दुकानात मीठ मिळेना, कुणी कामाला बोलवेना. वस्तीच्या बाजूनं कोर्टात उभं राहायचं काम सरांनी सुजाताकडं दिलं, मदतीला मला ठेवलं.

सुजाता भ्यायची, आणि ते लपवायची नाही. तारखेच्या दिवशी तिला डबा जायचा नाही. त्या गावाला जाताना एसटीत ती कंडक्टरच्या जवळची जागा धरायची. पुढं पुढं एक मोटारसायकल तिच्या मागं यायला लागली. चालवणारा काही बोलायचा नाही, काही करायचा नाही. तिच्या खोलीच्या गल्लीत शिरला की इंजिन बंद करून नुसता बसून राहायचा. गाडीला नंबर नव्हता, त्यामुळं पोलिसांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. घरमालकानं दुसरी खोली बघायला सांगितलं. माझ्यामागं मात्र कधी कुणी आलं नाही. माझ्या मामाकडं निरोप आला, तोही गोड शब्दांत... पोरीला समजावा म्हणून. दोघींच्या भीतीत केवढं अंतर होतं ते तेव्हा मला कळलं.

"तू सोड ही केस," मी तिला म्हणाले. "संस्थेला कळव. समजून घेतील ते."

"मी सोडलं तर मला पेडगावला जाता येतंय," ती म्हणाली. "शांतामायनं कुटं जायचं?"

साक्षीच्या दिवशी शांताबाई कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या आणि उठेचनात. "मला न्हाई बोलायचं, बाई. लेकराला उचलून नेऊ म्हणायलेत."

मी कायदा समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुजाता काळ्या कोटासकट त्यांच्याशेजारी फरशीवर बसली.

"मला बी लय भ्या वाटायलंय, माय."

शांताबाईंनी मान वर केली. "तुमाला बी?"

सुजातानं आपला हात त्यांच्या हातात दिला. गार पडलेला, घामानं ओला. "आज बोलू नका," ती म्हणाली. "धमकी दिली ते आधी साहेबांना सांगू. संरक्षण मागू."

तिनं तसा अर्ज दिला. न्यायाधीशांनी पोलीस द्यायचा हुकूम केला, तारीख पुढं गेली. त्या तारखेला शांताबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि कुणी अडवलं, कुणी तिरडीला हात घातला, ते समोर बसलेल्यांकडं एकेक बोट करून सांगितलं.  उलटतपासणी लांबली, त्या हलल्या नाहीत. कामकाज संपल्यावर सुजाता बाहेर गेली आणि नळाशी वाकून ओकली. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "झालं. आता बाकीचे बोलतील." खरंच, त्यानंतर वस्तीतले आणखी दोघं बोलले. गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण पुन्हा घ्यायला सुरुवात केली. फेलोशिपची मुदत संपली तरी सुजाता राहिली, कारण निकाल यायचा होता. तो अजूनही यायचाच आहे. सरांनी केस आता माझ्याकडं दिली आहे.

ऑफिसात तिची खुर्ची दाराच्या अगदी तोंडाशी आहे. वाऱ्याला कागद उडायचे तरी तिनं ती कधी हलवली नाही. परवा पहिल्यांदा मी त्या खुर्चीत बसले आणि का ते कळलं. तिथून जिना दिसतो. वर येणारा माणूस आधी नुसता आवाज असतो, मग डोकं, मग हात. हातात काय आहे ते सगळ्यात शेवटी कळतं. इतके दिवस ती हे रोज बघत बसली होती, आणि मी आत, दाराकडं पाठ करून, निवांत लिहीत होते.

मी उठून खुर्ची आत ओढणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, थांबत थांबत. मी जिन्याकडं बघत हात दिसायची वाट पाहिली.

"कोण आहे?"

"जयभीम, बाई. मी हाय, शांता," खालून आवाज आला. "आपली तारीख कवाय?"

मी खुर्ची तिथंच ठेवली.