भागाबाईची गडाची गोष्ट

असीरगडाच्या पायथ्याशी भागाबाईचं चहाचं दुकान होतं, आणि तिथे चहापेक्षा जास्त खपायची ती तिची गोष्ट. पण ही बाई मुळात तोंडाची मुकी हो! नवरा गेला, पोरगी निंबोल्यात दिली, मग बोलणार तरी कोणाशी? तिला बोलतं केलं ते बऱ्हाणपूरच्या लीलाधर मास्तरांनी.

मास्तर तिथल्या इतवारा पेठेत राहायचे, शाळेत इतिहास शिकवायचे. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती आणि मास्तरांच्या डोक्यात एकच भुंगा. "आता ना होळकरांची हद्द, ना इंग्रजांची. लोक हिंडतील, गड बघायला येतील. त्यांना भाकर कोण घालणार? हे पायथ्याचं गावच!" गावाने त्यांना वेड्यात काढलं. भागाबाईने तेवढं काढलं नाही, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. मास्तरांनी चूल मांडून दिली, बाकडं आणून दिलं, आणि रविवारी शहरातली मंडळी घेऊन येऊ लागले.

"नुसत्या चहासाठी कोण येतं इतक्या लांब? त्यांना गडावरचा अश्वत्थामा सांगा," एकदा मास्तर म्हणाले.

"मले काय येते सांगाले, मास्तर!"

"तुमच्या आईने सांगितला तसाच सांगा."

तिने सांगितला. कपाळावरची जखम घेऊन युगानुयुगं भटकणारा तो, पहाटे गडावरच्या महादेवाला फूल वाहतो आणि सांजेला कुणाच्या तरी दारी येऊन जखमेसाठी तेल-हळद मागतो. पुढेपुढे तिची भीड अशी चेपली की विचारू नका. आवाज खाली आणून म्हणायची, "तेल मागाले आला, तर दार उघडाचं नाही बरं! तोंड पाह्यलं का माणूस वेडा होते." हे तिच्या पदरचं. आईने असलं काही सांगितलं नव्हतं. बाया एकमेकींना बिलगायच्या, मास्तर मागे उभे राहून गालात हसायचे, आणि चहाची दुसरी फेरी व्हायची. तीन वर्षांत भागाबाईच्या घरावर कौलं चढली.

मग पौषातली ती सांज आली. दुकान आवरून, दार लावून ती भाकरी थापत होती. बाहेरून घोगरी हाक आली, "बाई, जरा तेल-हळद..." तिने फटीतून पाहिलं. उंच माणूस, धोतर मातीने भरलेलं, सगळं तोंड रक्ताने माखलेलं. दार न उघडण्याचं ते शेपूट आपणच जोडलंय हे तिला माहीत होतं, अगदी शपथेवर माहीत होतं, तरी हात कडीकडे जाईना. माणूस थोडा वेळ थांबला, मग पावलं गावाकडे निघून गेली. ती महादेवाचं नाव घेत कोपऱ्यात बसून राहिली.

सकाळी गावाबाहेरच्या चिंचेखाली लीलाधर मास्तर सापडले. अंगात जीव नव्हता. रविवारी मोठी मंडळी येणार म्हणून वाटेतल्या दगडांवर चुन्याच्या खुणा करायला ते मागच्या बाजूने एकटेच गडावर गेले होते, आणि उतरताना पाय घसरून कपाळ फुटलं होतं. लोक हळहळले, "बिचारा, कोणाच्या दारापर्यंतही पोचला नाही." भागाबाई तिथेच उभी होती. काही बोलली नाही. बोलली असती तर तिच्या हातचं पाणी कोण प्यालं असतं?

आणि दैव बघा कसं हलकट! दुकान दुप्पट चालू लागलं. अश्वत्थाम्याने मास्तरांना नेलं अशी आवई उठली होती. लोक यायचे, "सांगा ना बाई" म्हणायचे, आणि तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. दीर लोटू चिडायचा, "लक्ष्मी चालून आली, अन् तुमची दातखीळ बसली का, वहिनी?"

तेरावं झाल्यावर मास्तरांची बायको निर्मलाबाई आली. बाकड्यावर बसली. म्हणाली, "घरी तुमचं नाव नेहमी निघायचं. म्हटलं, ते कुठे रमायचे ते तरी बघून यावं."

भागाबाईने सवयीने चहा पुढे केला. निर्मलाबाईने कप उचलला, तसा भागाबाईने तो झटकन काढून घेतला.

"माह्या हातचं पिऊ नका, मास्तरीणबाई. ते आले होते माह्या दारी. तेल मागत होते. मी दार नाही उघडलं."

मग तिने सगळं सांगितलं. आपल्या पदरचं काय होतं, तेही लपवलं नाही. शेवटी कपाळावर हात मारून म्हणाली, "अजून एक हाक मारली असती, तर आवाज वळखला असता हो मी! उघडलं असतं! एकच मारली त्याहिनं!"

निर्मलाबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. शिव्या देईल, मारेल, असं भागाबाईला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते दुसऱ्यांदा हाक मारायचेच नाहीत," निर्मलाबाई म्हणाली. "घरीसुद्धा नाही. पाणी हवं असलं तरी एकदाच म्हणायचे. मी नाही उठले, तर म्हणायचे, असू दे, कामात असेल."

तेव्हा मात्र भागाबाईने हंबरडा फोडला.